स्कूबल की स्कीन्स? आजचा सर्वोत्तम पिचर कोण, याचे सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. 2025 च्या हंगामात पिट्सबर्ग पायरेट्सच्या पॉल स्कीन्स या पिचरचे (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूचे) अर्न्ड रन ॲव्हरेज, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी, 1.97 होते आणि डेट्रॉईट टायगर्सच्या तारिक स्कूबलचे 2.21, वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, मात्र लॉस एंजेलिस डॉजर्सला योशिनोबु यामामोतोने जिंकून दिली. मग मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या अव्वल स्पर्धेतला सध्याचा सर्वोत्तम पिचर कोणाला म्हणायचे? दर नऊ इनिंगमागे सर्वांत कमी धावा देणारा तो सर्वोत्तम, एवढे म्हणून हा वाद मिटवता येणार नाही का, असेही सोबत विचारले आहे.

माझे उत्तर तारिक स्कूबल हे आहे, आणि केवळ त्या एका आकड्यावर हा वाद मिटवता येणार नाही असे माझे ठाम मत आहे. 2025 च्या हंगामाअखेरपर्यंतची कामगिरी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिते आहे. मुलामुलींना पिचिंग शिकवणे आणि सामन्यांचे स्कोअरबुक लिहिणे या दोन कामांत माझी बरीच वर्षे गेली आहेत. या दोन्ही कामांतून एक गोष्ट मनावर पक्की ठसते, ती म्हणजे पिचरच्या नावावर जमा होणाऱ्या प्रत्येक आकड्यात थोडा वाटा पिचरचा असतो आणि थोडा इतरांचा. कोणत्या आकड्यात पिचरचा स्वतःचा वाटा किती, हे ओळखता आले की या वादाचे निम्मे काम होते.

सर्वांत आधी विजय आणि पराभव हा निकष बाजूला ठेवावा लागेल. क्रिकेटमध्ये सामना हरला म्हणून तो पराभव एखाद्या गोलंदाजाच्या नावावर लिहिला जात नाही. बेसबॉलमध्ये मात्र तो पिचरच्या नावावर लिहिला जातो, आणि त्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो. 2025 मध्ये स्कीन्सचे दहा विजय आणि दहा पराभव झाले, कारण त्या वर्षी पायरेट्सने संपूर्ण मेजर लीगमध्ये सर्वांत कमी, म्हणजे 583 धावा केल्या. पिचरने सहा इनिंगमध्ये एकच धाव दिली आणि आपल्या फलंदाजांना एकही करता आली नाही, तर पराभव त्याच्याच खात्यावर जमा होतो. वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराच्या मतदारांना हे आता पुरते समजलेले आहे. 2010 मध्ये सिॲटलच्या फेलिक्स हर्नांडेझला 13 विजय आणि 12 पराभव असतानाही, तर 2018 मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमला अवघे 10 विजय असतानाही हा पुरस्कार मिळाला. 2025 मध्ये नॅशनल लीगच्या (मेजर लीगचे नॅशनल आणि अमेरिकन असे दोन भाग आहेत) तीसही मतदारांनी स्कीन्सला पहिली पसंती दिली, आणि ते योग्यच झाले. तेव्हा स्कूबलचे 13 विजय आणि 6 पराभव मी त्याच्या बाजूने पुरावा म्हणून मांडणार नाही.

आता अर्न्ड रन ॲव्हरेजकडे येऊ. पिचरने दिलेल्या 'अर्न्ड' धावांना नऊने गुणायचे आणि टाकलेल्या इनिंगने भागायचे, एवढेच ते गणित आहे. स्कूबलने 2025 मध्ये 195 पूर्ण इनिंग आणि एक बाद (एका इनिंगमध्ये तीन बाद असतात) इतके पिचिंग केले आणि 48 अर्न्ड धावा दिल्या. 48 गुणिले 9 म्हणजे 432, आणि त्याला 195.33 ने भागले की 2.21 येतात. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे झालेली धाव अर्न्ड धरत नाहीत, पण ती चूक होती की नाही हे स्कोअरर ठरवतो. स्कोअरबुक घेऊन बसलेल्या कोणालाही ठाऊक असते की, जो शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) चेंडूपर्यंत पोहोचतच नाही त्याच्या नावावर कधी चूक लागत नाही. तिथे हिट, म्हणजे फलंदाजाचा यशस्वी फटका, लिहिली जाते, आणि त्यातून झालेली धाव पिचरच्या खात्यावर जाते. म्हणजेच धावांच्या या सरासरीत क्षेत्ररक्षकांचे पाय, मैदानाचा आकार आणि धावपटू बेसवर असताना पिचरला बदलले तर पुढच्या पिचरने त्या धावपटूंचे काय केले, हे सगळे मिसळलेले असते. एका हंगामात 1.97 आणि 2.21 यांतला फरक पाव धावेपेक्षाही कमी आहे. वर सांगितलेल्या गोष्टी एवढा फरक सहज घडवू शकतात.

म्हणून मी आधी तीन आकडे पाहते, ज्यांत क्षेत्ररक्षकांचा संबंध जवळजवळ येत नाही. ते म्हणजे स्ट्राईकआऊट (तीन स्ट्राईकवर फलंदाज बाद), वॉक (चार 'बॉल', म्हणजे झोनबाहेरच्या चेंडूंमुळे फलंदाजाला मिळणारा फुकटचा बेस) आणि होमरन (कुंपणापलीकडे गेलेला फटका). 2025 मध्ये स्कूबलने 241 स्ट्राईकआऊट घेतले, 33 वॉक दिले आणि 18 होमरन खाल्ले. स्कीन्सने 216 स्ट्राईकआऊट घेतले, 42 वॉक दिले आणि त्याला फक्त 11 होमरन बसले. या तिन्हींवरून काढल्या जाणाऱ्या सूत्रात, ज्याला फिल्डिंग इंडिपेंडंट पिचिंग म्हणतात, स्कीन्स 2.36 आणि स्कूबल 2.45 असा निकाल येतो. म्हणजे इथेही स्कीन्स केसभर पुढेच आहे, आणि त्याची बाजू घेणाऱ्यांनी हाच आकडा पुढे करायला हवा.

मी तरीही स्कूबलकडे का झुकते? होमरनची संख्या एका हंगामातून दुसऱ्या हंगामात बरीच हेलकावे खाते. उंच उडालेला चेंडू कुंपणाच्या आत पडला की बाहेर, हे वाऱ्यावर, मैदानावर आणि काही अंशी नशिबावर अवलंबून असते. पिट्सबर्गच्या पीएनसी पार्कमध्ये डावीकडच्या मधल्या कोपऱ्यात कुंपण 410 फुटांवर आहे, आणि उजव्या हाताच्या फलंदाजाचा चांगला बसलेला फटका तिथे झेल होऊन संपतो. डेट्रॉईटचे कोमेरिका पार्कही लहान नाही, हे मान्य. परंतु स्ट्राईकआऊट आणि वॉक यांचे प्रमाण मात्र वर्षानुवर्षे पुष्कळ स्थिर राहते, कारण ते पिचरच्या हातात असते. स्कूबलने प्रत्येक वॉकमागे सात स्ट्राईकआऊट घेतले, तर स्कीन्सने पाच. 2024 आणि 2025 हे दोन्ही हंगाम एकत्र घेतले तर स्कूबलचे 469 स्ट्राईकआऊट आणि 68 वॉक होतात, स्कीन्सचे 386 आणि 74. म्हणजे जवळजवळ 67 इनिंग जास्त टाकूनही स्कूबलने कमी वॉक दिले. माझ्या दृष्टीने या संपूर्ण वादातला सर्वांत बोलका आकडा हाच आहे. फलंदाजाला फुकटचा बेस न देता त्याला चेंडूही लागू न देणे या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात. झोनमध्ये, म्हणजे होम प्लेटवरच्या स्ट्राईकच्या चौकटीत, सतत टाकले की फटका बसतो, आणि फटका टाळायला झोनच्या कडेने टाकले की वॉक होतो. दोन्ही एकाच वेळी साधणारे पिचर एका पिढीत मोजकेच निघतात.

हे त्याला कसे साधते, याचे उत्तर त्याच्या चेंजअपमध्ये आहे. स्कूबल डावखुरा आहे आणि त्याचा फास्टबॉल ताशी 97-98 मैलांचा, म्हणजे साधारण 157 किलोमीटरचा असतो. पिचरच्या रबरपासून होम प्लेटचे अंतर 60 फूट 6 इंच आहे, पण चेंडू सुटतो तेव्हा पिचर पुढे झेपावलेला असल्याने प्रत्यक्षात तो सुमारे 54 फुटांवरून येतो आणि फलंदाजाला जेमतेम 0.4 सेकंद मिळतो. त्या वेळातला मोठा भाग बॅट फिरवण्यातच जातो, म्हणून चेंडू हातातून सुटल्यावर लगेचच फलंदाजाला निर्णय करावा लागतो. अशा वेळी त्याच हाताने, त्याच वेगाने खांदा फिरवून, त्याच जागेवरून चेंडू सोडायचा, पण तो ताशी नऊ-दहा मैलांनी हळू येईल असे करायचे, हे चेंजअपचे काम.

विद्यार्थ्यांना चेंजअप शिकवताना मी चेंडू बोटांच्या टोकांवर न धरता तळहाताकडे सरकवायला सांगते आणि मधले बोट, अनामिका व करंगळीच्या बाजूला पकड द्यायला लावते, म्हणजे ताकद तेवढीच लावूनही चेंडूला वेग कमी मिळतो. नव्या पिचरची चूक ठरलेली असते. चेंडू हळू टाकायचा म्हणून तो हातच हळू फिरवतो, आणि फलंदाजाला ते खांद्यावरूनच कळते. स्कूबलचा हात चेंजअपच्या वेळी तसूभरही मंदावत नाही. शिवाय डावखुऱ्याचा हा चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजापासून बाहेर आणि खाली जातो, त्यामुळे ज्या फलंदाजांना डावखुऱ्या पिचरविरुद्ध नैसर्गिक फायदा मिळायला हवा, त्यांचाच तो फायदा नाहीसा होतो. आणि तो हा चेंडू स्ट्राईक झोनमध्ये टाकण्याइतका विश्वास बाळगतो, म्हणून त्याचे वॉक कमी आहेत.

25 मे 2025 चा डेट्रॉईटमधला क्लीव्हलँड गार्डियन्सविरुद्धचा सामना ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी अवश्य पाहावा. स्कूबलने संपूर्ण नऊ इनिंग टाकल्या, दोन हिट दिल्या, एकही वॉक दिला नाही, 13 स्ट्राईकआऊट घेतले आणि हे सगळे केवळ 94 चेंडूंत केले. एका स्ट्राईकआऊटला किमान तीन चेंडू लागतातच, म्हणजे 13 स्ट्राईकआऊटसाठी किमान 39 चेंडू हवेत. उरलेल्या जास्तीत जास्त 55 चेंडूंत बाकीचे 14 बाद आणि दोन हिट मावल्या. यावरून त्याच्या अचूकतेची कल्पना येईल. त्याचा 94 वा, म्हणजे शेवटचा चेंडू ताशी 102.6 मैलांचा, सुमारे 165 किलोमीटरचा होता आणि त्यावर गॅब्रिएल एरियस स्ट्राईकआऊट झाला. चेंडूचा वेग मोजण्याची आधुनिक व्यवस्था आल्यापासून सुरुवातीच्या पिचरने टाकलेला स्ट्राईकआऊटचा तो सर्वांत वेगवान चेंडू आहे. नवव्या इनिंगच्या अखेरीस खांदा थकलेला असायला हवा होता, आणि त्याच वेळी तो सर्वांत वेगाने टाकत होता.

सामन्यात खोलवर टिकण्याची ही क्षमता मला फार महत्त्वाची वाटते. 2025 मध्ये स्कूबलने 31 सामन्यांची सुरुवात केली आणि दर सामन्यात सरासरी 6.3 इनिंग टाकल्या. स्कीन्सने 32 सुरुवातींत सरासरी 5.9 टाकल्या. हा फरक दिसायला किरकोळ आहे, पण तो नेमका त्या टप्प्यावर पडतो जिथे फलंदाजांची फळी तिसऱ्यांदा समोर येते. एकदा-दोनदा पाहिलेला चेंडू फलंदाजाला तिसऱ्या खेपेला ओळखू येऊ लागतो, म्हणून व्यवस्थापक तिथेच पिचर बदलतात. या अवघड बाद घेण्याचे काम जो स्वतः करतो तो आपल्या संघाच्या राखीव पिचरांना विश्रांती देतो, आणि ती विश्रांती दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात उपयोगी पडते. स्कीन्सवर पायरेट्स चेंडूंच्या संख्येचे बंधन घालतात, हे वयाचा विचार करता समजण्यासारखे आहे. पण आजचा सर्वोत्तम कोण हे ठरवताना जे टाकलेच नाही त्याचे श्रेय देता येत नाही.

स्कीन्सबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे, आणि त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना मी चुकीचे मानत नाही. जुलै 2023 मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्याची पहिल्या क्रमांकावर निवड झाली, मे 2024 मध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला आणि त्याच जुलैमध्ये नवखा असूनही दोन्ही लीगच्या निवडक खेळाडूंमधल्या ऑल-स्टार सामन्याची सुरुवात करण्याचा मान त्याला मिळाला. पहिल्या हंगामात 1.96 आणि दुसऱ्यात 1.97 अशी त्याची सरासरी आहे. स्प्लिटर आणि सिंकर या खाली जाणाऱ्या दोन चेंडूंच्या मधला, 'स्प्लिंकर' म्हणून ओळखला जाणारा त्याचा चेंडू ताशी 94 मैलांच्या आसपास येऊन शेवटच्या क्षणी खाली बुडतो. इतक्या वेगाने इतका खाली जाणारा चेंडू फार थोड्यांकडे आहे. साडेसहा फूट उंचीचा, सहा-सात प्रकारचे चेंडू टाकणारा हा पिचर 2002 चा जन्मलेला आहे आणि स्कूबल 1996 चा. पुढची पाच वर्षे कोणाला घ्याल असे विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता स्कीन्स म्हणेन. प्रश्न मात्र आजचा आहे.

भारतीय वाचकांसाठी एक छोटीशी नोंद इथे करावीशी वाटते. याच पिट्सबर्ग पायरेट्सने 2008 मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केले होते. वेगाने चेंडू फेकण्याच्या एका स्पर्धेतून ते पुढे आले होते. दोघांपैकी कोणीही मेजर लीगपर्यंत पोहोचू शकला नाही, तरीही त्यांनी जे केले ते कमी नाही. वेग हे पिचिंगचे फक्त दार आहे, आणि आत शिरल्यावर लागणारी अचूकता व हाताची फसवणूक कमावण्यात बालपणापासूनची वर्षे जातात, हे आपल्याकडच्या पालकांना समजावताना मला त्या दोघांचे उदाहरण नेहमी उपयोगी पडते.

आता ऑक्टोबरचा, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचा, प्लेऑफचा मुद्दा. स्कूबलच्या विरोधात एक सामना सांगितला जातो. 2024 मध्ये क्लीव्हलँडविरुद्धच्या निर्णायक पाचव्या सामन्यात लेन थॉमसने त्याच्या चेंडूवर बेस भरलेले असताना होमरन मारला आणि टायगर्सची वाटचाल तिथे संपली. ते खरे आहे. परंतु पुढच्याच वर्षी त्याच क्लीव्हलँडमध्ये पहिल्या फेरीच्या पहिल्या सामन्यात त्याने 14 स्ट्राईकआऊट घेत 2-1 असा विजय मिळवून दिला. 10 ऑक्टोबर 2025 ला सिॲटलमध्ये, पुन्हा निर्णायक पाचव्या सामन्यात, त्याने सहा इनिंगमध्ये एक धाव देऊन 13 स्ट्राईकआऊट घेतले. त्यांतले सात लागोपाठ होते, आणि तो प्लेऑफमधला विक्रम आहे. 99 चेंडूंनंतर तो थांबला तेव्हा संघ 2-1 असा पुढे होता, आणि पंधराव्या इनिंगमध्ये टायगर्स 3-2 असे हरले. त्या प्लेऑफमध्ये त्याच्या एकूण 20 इनिंग आणि दोन बाद झाले, त्यांत 36 स्ट्राईकआऊट आणि चार अर्न्ड धावा. स्कीन्सला ही परीक्षा अजून देता आलेली नाही, कारण 2025 अखेरपर्यंत त्याचा संघ तिथे पोहोचलेलाच नाही. यात त्याचा दोष नाही, म्हणून मी हे त्याच्या विरोधात मोजत नाही, फक्त स्कूबलच्या बाजूने मोजते.

यामामोतोचा विचार केल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही. 2025 च्या प्लेऑफमध्ये त्याने मिलवॉकीविरुद्ध आणि नंतर वर्ल्ड सिरीजमध्ये टोरोंटोविरुद्ध असे लागोपाठ दोन पूर्ण सामने टाकले. यापूर्वी हे 2001 मध्ये कर्ट शिलिंगने केले होते. टोरोंटोतल्या त्या दुसऱ्या सामन्यात त्याने शेवटचे वीस फलंदाज एकामागून एक बाद केले. सहाव्या सामन्यात 96 चेंडू टाकून तो जिंकला, आणि दुसऱ्याच दिवशी सातव्या सामन्यात, नवव्या इनिंगमध्ये बरोबरी असताना आणि दोन धावपटू बेसवर असताना, तो पुन्हा माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर आला. आठ बाद घेऊन त्याने अकराव्या इनिंगमध्ये सामना संपवला. आधीच्या दिवशी 96 चेंडू टाकलेल्या हाताची अवस्था काय असते हे ज्यांनी स्वतः पिचिंग केले आहे त्यांना सांगावे लागणार नाही. माझ्या आयुष्यात पाहिलेली प्लेऑफमधली सर्वांत थोर कामगिरी ती आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. पण एका महिन्यातली थोर कामगिरी आणि दोन वर्षांचे सातत्य या वेगळ्या गोष्टी आहेत. नियमित हंगामात यामामोतोची सरासरी 2.49 आणि 173 इनिंगच्या वर थोडे काम इतके होते. ते उत्तम आहे, तरी स्कूबल-स्कीन्सच्या पातळीचे नाही.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. बोस्टनचा गॅरेट क्रोशे 255 स्ट्राईकआऊट घेऊन 2025 मध्ये संपूर्ण मेजर लीगमध्ये पहिला होता आणि 205 हून अधिक इनिंग टाकून त्याची सरासरी 2.59 राहिली. अमेरिकन लीगच्या मतदानात तो दुसरा आला, आणि तिसरे नाव विचारले तर मी त्याचेच घेईन. फिलाडेल्फियाच्या क्रिस्टोफर सांचेझने 202 इनिंगमध्ये 2.50 ची सरासरी राखली, त्याची चर्चा मात्र त्या मानाने कमी होते. झॅक व्हीलर रक्ताच्या गुठळीमुळे ऑगस्टनंतर खेळू शकला नाही, अन्यथा त्याचे नाव बरेच वर असते. शोहेई ओहतानीने शस्त्रक्रियेनंतर पुनरागमन करताना नियमित हंगामात फक्त 47 इनिंग टाकल्या, त्यामुळे सर्वोत्तम खेळाडूच्या वादात तो असला तरी सर्वोत्तम पिचरच्या वादात त्याला आत्ता धरता येत नाही.

स्कूबलच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या आहेत, मग त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा, हा आक्षेपही रास्त आहे. 2016 मध्ये विद्यापीठात असताना कोपराची आणि 2022 मध्ये हाताच्या स्नायुबंधाची अशा त्या दोन शस्त्रक्रिया होत्या, आणि 2018 च्या निवडीत तो नवव्या फेरीपर्यंत खाली राहिला. पण जुलै 2023 मध्ये परतल्यानंतरच्या दोन पूर्ण हंगामांत त्याने प्रत्येकी 31 सामन्यांची सुरुवात केली. 2024 मध्ये विजय, सरासरी आणि स्ट्राईकआऊट या तिन्हींत तो अमेरिकन लीगमध्ये पहिला होता, आणि 2025 मध्ये पुन्हा साय यंग जिंकून 1999 व 2000 च्या पेड्रो मार्टिनेझनंतर त्या लीगमध्ये लागोपाठ दोनदा हा मान मिळवणारा तो पहिला पिचर ठरला. साय यंग दोन्ही लीगसाठी वेगवेगळा दिला जातो, त्यामुळे या दोघांत कोण मोठा हे मतदान कधीच ठरवत नाही. जुलै 2025 च्या अटलांटातल्या ऑल-स्टार सामन्यात दोघांनी आपापल्या लीगकडून सुरुवात केली, पण एका इनिंगच्या त्या भेटीतून काही ठरण्यासारखे नव्हते.

माझे मत बदलायला काय लागेल, तेही सांगते. स्कीन्सने आपल्या वॉकचे प्रमाण स्कूबलइतके खाली आणले आणि सातवी इनिंग नियमितपणे टाकायला सुरुवात केली, तर त्याच्या कमी होमरनचे पारडे इतके जड होईल की मला माझे उत्तर बदलावे लागेल. म्हणून त्याचे सामने पाहताना मी पाटीवरच्या वेगाकडे फारसे पाहत नाही. दोन बॉल आणि एक स्ट्राईक अशी स्थिती आली की तो पुढचा चेंडू झोनमध्ये टाकतो का, आणि फळी तिसऱ्यांदा समोर आल्यावरही तेच करतो का, याची मी स्कोअरबुकच्या समासात नोंद ठेवते.